पीडीएफ दस्तऐवजातील प्रतिमानिवेश : एक ऐतिहासिक विवेचन

मराठेशाहीतील राजपत्रांच्या आरंभी मुख्य शिक्का आणि मजकुराच्या अखेरीस मोर्तबाचा लहान शिक्का उमटविण्याची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा मोर्तबाचा हेतू. कागदावर उमटलेली आकृती हीच त्या काळी दस्तऐवज पूर्ण झाल्याची खूण होती. आज कचेऱ्यांचे असंख्य कागद ज्या पीडीएफ स्वरूपात जतन होतात, त्यात नेमकी उलट स्थिती आढळते. पूर्ण झालेल्या दस्तऐवजात शिक्का, स्वाक्षरी वा छायाचित्र मागाहून, आणि तेही इंटरनेटवरील विनामूल्य साधनांच्या साहाय्याने, कोणासही घालता येते. ही सोय पुढे कोणी आडवाटेने निर्माण केलेली नाही. ती या स्वरूपाच्या मूळ रचनेतच आहे, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अमेरिकेत अडोबी या कंपनीची स्थापना केली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा म्हणजे मुद्रणयंत्राला पृष्ठाचे वर्णन सांगण्याचे साधन होते. अक्षर, रेषा आणि चित्र या तिन्हींना तीत पृष्ठावरील आकृती म्हणून सारखेच स्थान होते. १९९१ साली वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ या नावाने एक टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर तयार झालेला दस्तऐवज अन्य कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा पाहता व छापता यावा, ही त्यातील मुख्य कल्पना. तिचे फळ म्हणजे जून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले पीडीएफ होय.

या स्वरूपात दस्तऐवजाचे घटक क्रमांकित असतात आणि कोणता घटक फाइलीत कोठे आहे, याची सूची असते. प्रतिमा हा असाच एक स्वतंत्र घटक. तिची रुंदी, उंची, रंग आणि संक्षेपाची पद्धत यांची नोंद तिच्यासोबत राहते. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धती पीडीएफने पहिल्या आवृत्तीपासूनच स्वीकारली होती. पृष्ठाच्या वर्णनात प्रतिमेचे केवळ नाव येते, आणि सहा संख्यांनी तिचे स्थान, आकार व कल ठरतो. त्यामुळे एकच बोधचिन्ह शंभर पृष्ठांवर असले, तरी ते फाइलीत एकदाच साठविता येते. अंतर मोजण्याचे मूळ एकक इंचाचा ७२ वा भाग असून ए-४ आकाराचे पृष्ठ सुमारे ५९५ गुणिले ८४२ एककांचे भरते. सहाशे बिंदू रुंदीची प्रतिमा दोन इंचांत बसविली, तर दर इंची ३०० बिंदू मिळतात. सहा इंचांवर ताणली, तर १०० च उरतात. अस्पष्ट शिक्क्याचा दोष म्हणूनच बहुधा साधनाचा नसून मूळ प्रतिमेचा असतो.

प्रतिमानिवेशाच्या इतिहासात २००१ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या १.४ या आवृत्तीत अंशतः पारदर्शक प्रतिमेची सोय झाली. तत्पूर्वी प्रतिमेचा एखादा भाग पूर्णपणे वगळता येत असे, परंतु खालचे अक्षर अंधुक दिसू देणारी फिकट शाई दाखविणे दुर्घट होते. आता शिक्का मजकुरावर खऱ्या शाईप्रमाणे पसरू लागला. सोय वाढली, तशी फसवणुकीची शक्यताही वाढली.

तथापि याच रचनेत सत्यशोधनाचे एक साधनही आहे. दस्तऐवजात भर घालताना जुना भाग न पुसता नवे घटक व नवी सूची फाइलीच्या अखेरीस जोडण्याची तरतूद पीडीएफमध्ये आहे. अशा फाइलीत पूर्वीची अवस्था नव्या थराखाली शाबूत राहते आणि जाणत्यास ती परत काढता येते. मात्र भर घालणे वैध असल्यामुळे ती ओळखणे अवघड होते. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखविले की, तपासलेल्या २२ वाचन-कार्यक्रमांपैकी २१ कार्यक्रम अंकीय स्वाक्षरी असलेल्या फाइलीतील फेरफाराबाबत फसविले जाऊ शकत होते.

२००८ साली पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि त्याचे नियमन एका कंपनीच्या हातून निघाले. या मुक्ततेचा लाभ विनामूल्य साधनांनाही मिळाला. या साधनांचे दोन वर्ग पडतात. पहिल्यात फाइल दूरच्या संगणकावर पाठवावी लागते. तेथे प्रतिमा बसविली जाते व फाइल परत येते. दुसऱ्यात सर्व काम वापरणाऱ्याच्याच यंत्रावर होते. ऑक्टोबर २०२३ मधील फायरफॉक्स ११९ या आवृत्तीत आलेली प्रतिमा घालण्याची सोय या दुसऱ्या वर्गातील आहे. पहिल्या वर्गात खाजगी कागद परक्याच्या हाती जातो, हा धोका उघड आहे. दुसरा धोका मात्र सहसा ध्यानात येत नाही, आणि तो दोन्ही वर्गांत संभवतो. पुष्कळ साधने जुन्या फाइलीस पुरवणी न जोडता ती संपूर्ण नव्याने लिहून काढतात. त्यामुळे खालचा थर नाहीसा होतो, आणि प्रतिमा आरंभापासून तेथे होती की मागाहून आली, हे फाइलीवरून ठरविणे दुरापास्त होते.

ज्या संस्थांचे कागद उद्या इतिहासाची साधने ठरणार आहेत, त्यांनी यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. प्रतिमा घालण्यापूर्वी मूळ फाइल अलग राखावी, आणि कोणी, केव्हा व कोणती प्रतिमा घातली याची नोंद तिच्यासोबत ठेवावी. मोर्तबाचे सामर्थ्य केवळ शाईत नव्हते. शिक्का कोणाच्या हाती असावा, याविषयीच्या दफ्तराच्या शिस्तीत ते होते. यंत्राने शाई सर्वांस सुलभ केली. शिस्त मात्र दफ्तरानेच राखावयाची आहे.