खानाने निवडलेली आडवाट : उंबरखिंड, १६६१

१/ खंडाळ्याहून खोपोलीस मोटारीने उतरताना आज वाटेचा विचार करावा लागत नाही. सतराव्या शतकात मात्र सह्याद्री उतरण्यापूर्वी वाट निवडावी लागे आणि फौजेचे भवितव्य त्या निवडीवर ठरे. खालापूर तालुक्यातील उंबरखिंड याची साक्ष देते.

२/ १६६० मध्ये शायिस्ताखानाने पुण्यात तळ दिला. कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ पासून शिवाजी महाराजांकडे होता. तो जिंकण्यासाठी खानाने कारतलबखानास कोकणात धाडले. माहूरच्या उदाराम घराण्यातील रायबागनही या मोहिमेत होती.

३/ कोकणात उतरणारी रुळलेली वाट बोरघाटाची. तिच्यावर राजमाचीची नजर. कारतलबखानाने ती टाळली. लोणावळ्याच्या दक्षिणेस, नागफणीच्या कुशीतून उतरणारी कुरवंड्याची आडवाट त्याने धरली. मराठ्यांना सुगावा लागण्याआधीच खाली उतरावे, असा त्याचा होरा.

४/ आडवाटेची किंमत त्याने जोखली नव्हती. दाट रान, तीव्र उतार आणि जेमतेम माणूस जाईल एवढी पाऊलवाट. मोठी फौज अशा वाटेवर लांबलचक रांग होऊन विखुरते. पुढच्यास मागच्याची मदत मिळत नाही आणि माघारी वळणेही अशक्य होते.

५/ हेरांकडून महाराजांना बातमी आधीच पोहोचली होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी फौज खिंडीत शिरताच मराठ्यांनी पुढची-मागची तोंडे रोखली आणि झाडीतून मारा सुरू केला. समकालीन कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या कोंडमाऱ्याचे सविस्तर वर्णन आहे.

६/ रायबागनने खानास शरण जाण्याचा सल्ला दिला. त्याने वकील पाठवून अभय मागितले. सारे सामान जागीच टाकून जाण्याच्या अटीवर महाराजांनी वाट मोकळी केली. विजय मिळाल्यावर कत्तल टाळण्याचा हा निर्णयही तितकाच स्मरणीय आहे.

७/ पुढे १८३० मध्ये गाडीरस्ता झाला तो बोरघाटातून. १८६३ मध्ये कर्जतकडून लोहमार्ग चढला तोही त्याच घाटाने. उंबरखिंड आडवाटच राहिली. खोपोली-पाली रस्त्यावरून चावणी गावाकडे वळले की अंबा नदीच्या पात्रात विजयाचे स्मारक दिसते.

८/ घाटमाथ्यावरून ही वाट झाडीत लपलेली भासते. स्मारकापाशी उभे राहून दोन्ही बाजूंचे उतार न्याहाळले, की त्या उतारांवर दबा धरलेल्यांना ती किती उघडी होती, हे उमगते.