हवा सुतासाठी

कमरेला आधार देणारी ती महागडी खुर्ची घरीच राहू द्या. इथे बसायचं नाहीये. वहाणाही काढा, आतली फरशी ओली आहे.

साल 1927, ठिकाण परळ. पहाटेचा भोंगा झाला, चाळीच्या नळावर बादल्यांची खणाखणी झाली आणि गर्दीने तुम्हाला खांद्याखांद्याने रेटत गिरणीच्या गेटापर्यंत आणून सोडलं. तुमचे पाय फक्त सोबत आले. जॉबरने, म्हणजे मजूर निवडणाऱ्या मुकादमाने, तुम्हाला एकदा खालून वर न्याहाळलं आणि मान हलवली. चला, आज तुम्ही बदली साचेवाले, म्हणजे गैरहजर विणकराच्या जागी मागावर उभे.

साचेखात्याचं, म्हणजे मागांच्या खात्याचं, दार उघडताच कोमट, ओली हवा तोंडावर आदळते. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास, तेल, घाम, कुणाच्या तरी गालातली तंबाखू. दोन श्वासांत बंडी पाठीला चिकटते. बाहेर आधीच मुंबईचा मे महिना, आणि आत वरून वाफ सोडलेली. खिडक्या बंद. कुणाची चूक झाली असं समजू नका, हे सगळं मुद्दाम आहे. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, दमट हवेत तग धरतं. छपरही बघा, करवतीच्या दात्यांसारखं. त्यातल्या काचा उत्तरेकडे, म्हणजे कापडावर थेट ऊन नको, पण उजेड एकसारखा हवा. या खात्यात सुखसोयीचा विचार किती बारकाईने झालाय! फक्त तो तुमच्यासाठी नाही, सुतासाठी झालाय.

आता आवाज. वरच्या दांड्यावरून उतरलेले चामडी पट्टे फडफडतात, आणि शेकडो साच्यांतले आडवं सूत नेणारे धोटे मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला आपटतात. तो आवाज कानाला लागतोच, शिवाय तळपायांतून चढून दाढांत घुसतो. शेजाऱ्याला हाक मारून पाहा. तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही ना? तो मात्र लांबून तुमच्या ओठांकडे बघून हसतोय. त्याला कळलं तुम्ही काय म्हणालात. जपून बोला.

तुमच्या वाट्याला दोन साचे, एक समोर, एक पाठीशी. मधल्या बोळकांडीत तुम्ही उभे. इकडचा धागा जोडा, गर्रकन वळा, तिकडचा पाहा, परत वळा. दहा तास. साचा विलायतेहून आलेला, त्याची उंची ठरली तेव्हा तुमची उंची कुणी विचारली नव्हती. तासाभरात कंबर तक्रार करू लागते. करू द्या. मजुरी कापडावर मिळते, आणि कापडात खोट निघाली तर ते कापड तुमच्याच गळ्यात मारून पैसे कापून घेतात. अधूनमधून एखादा धोटा वाट चुकून साच्याबाहेर झेपावतो. त्याला पोलादी टोकं असतात. डोळे सांभाळा.

आणि ही संपली धोट्यातल्या सुताची पहिली कांडी! साचा थांबवा. धोटा उचला, नवी कांडी बसवा. आता सुताचं टोक धोट्याच्या त्या बारीक भोकातून बाहेर काढायचंय. बोटाने? जमणार नाही. भोकाला ओठ लावा आणि श्वास आत ओढा. हं, ओढा! सूत आलं, त्याबरोबर कापसाची धूळ, तेल आणि कालच्या पाळीतल्या माणसाची थुंकीही आली. थुंका, पुसा, साचा सुरू करा. काही मिनिटांनी पुन्हा.

आजूबाजूला पाहिलंत? मराठे, कोकणातले कुणबी, उत्तरेकडचे मुसलमान विणकर. महार कुठे आहेत? ते आहेत तिकडे, कताईच्या खात्यात, कमी पगारावर. इथे त्यांना मज्जाव, कारण त्यांचे ओठ लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नाही. परक्या माणसाची तंबाखू मिसळलेली थुंकी चालते, हे तुम्ही आत्ताच चाखलंत. 1928 च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवा असा आग्रह धरला. मला खटकते ती त्या भोकाची रचना. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात होते. ते इथे असते तर हा बहाणा तरी उरला नसता. अर्थात दुसरा शोधला असता, त्यात आपण हुशार.

जेवणाची सुट्टी झाली की साच्यालाच टेकून बसा. डब्यातल्या भाकरीवर उडालेला कापूस फुंकून टाका, सगळा निघत नाही. मग पुन्हा बोळकांडी, पुन्हा वळणं.

संध्याकाळी भोंग्यानंतर रस्ता विचित्र वाटतो. ट्राम निमूट चाललीये, घोडागाडीवाला नुसतेच ओठ हलवतोय. खाणावळीत पाटावर टेकलात की कंबर हुश्श म्हणते. पंगतीतला प्रत्येक जण ओरडतोय आणि कुणालाच ते ओरडणं वाटत नाही. खाणावळवाली बाई मात्र मुरलेली. ती साचेवाल्यांवर घसा वाया घालवत नाही. समोर येऊन उभी राहते, तोंड मोठं करून विचारते, आणि तुम्ही तिच्या ओठांवरची "भाकरी?" वाचून दोन बोटं वर करता.