परीक्षक आले, मास्तर कुठे गेले?

मराठी रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांच्या इतिहासात २००८-०९ चे ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ हे पर्व महत्त्वाचे आहे. आमच्या शिरूर-दौंडच्याच जिल्ह्यातील, आळंदीची कार्तिकी गायकवाड त्यात विजयी ठरली. तिला गाणे शिकवले ते वडील कल्याणजी गायकवाड यांनी, घरी. मंचावर मात्र शिक्षकाची जागा परीक्षकाची होती. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुणही सुरांतच देत. ‘वरचा सा’ ही सर्वोच्च दाद. शाळकरी मुले पडद्यावर आली, शाळा आली नाही.

ब्रिटनमध्ये २०११ साली ‘एज्युकेटिंग एसेक्स’ने थेट माध्यमिक शाळेत कॅमेरे बसवले. तिथे शिक्षक दिसला. पण कित्येक आठवड्यांचे चित्रण सात भागांत बसवताना वर्गाचा संथपणा गळणे अटळच होते.

मंचावर चूक झाली की निकाल लागतो; वर्गात शिकवणे चुकीपासूनच सुरू होते. एकच संधिविग्रह चौथ्यांदा समजावणारा मास्तर कोणत्या भागात मावणार? आज विद्यार्थी निबंध हाती देताच ‘कसा झालाय, सर?’ असे विचारतो. तेव्हा ‘वरचा सा’ देऊन मोकळे व्हायचे, की त्याच्या शेजारी बसून पहिले वाक्य पुन्हा वाचायचे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.