स्थिरविद्युत हेडफोन : स्वरांची सूक्ष्मता आणि तिचे मोल

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून गॉलवेकडे निघालेली आगगाडी तासाभरात टलामोरला थांबते. ऑफली परगण्यातील हे गाव जगाला ठाऊक आहे ते तिथल्या व्हिस्कीमुळे. परंतु उत्तम ध्वनीचे वेड असलेल्या मंडळींना त्याची दुसरीही ओळख आहे. सेनहायझर या जर्मन कंपनीचा हेडफोनचा कारखाना गेली तीन दशके या गावात आहे. १९९७ साली आलेला 'एचडी ६००' आणि २००३ सालचा 'एचडी ६५०' हे जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचलेले हेडफोन येथूनच बाहेर पडले. त्यांची किंमत तीनचारशे युरोंच्या आसपास असते.

याच कंपनीने २०१५ साली 'एचई १' नावाचा संच जाहीर केला. इटलीतील कारारा येथील संगमरवरात बसवलेला विवर्धक, निर्वात नळ्या आणि किंमत सुमारे पन्नास हजार युरो! हा हेडफोन 'स्थिरविद्युत', म्हणजेच इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा आहे. एकाच नाममुद्रेच्या दोन वस्तूंच्या किमतींत शंभर पटींहून अधिक अंतर का पडावे, आणि त्या अंतराइतका आनंद कानाला खरोखर मिळतो का, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना आणि कार्य

नेहमीच्या हेडफोनमध्ये एक चुंबक असतो, त्याच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे असते आणि वेटोळ्याला पडदा चिकटवलेला असतो. गाण्याचा विद्युत् संदेश वेटोळ्यातून वाहिला की ते पुढेमागे हलते व पडद्याला ढकलते. ही पद्धत दणकट, स्वस्त आणि अल्प शक्तीवर चालणारी आहे. तिच्यातील अडचण अशी, की वेटोळ्याचे वजन पडद्याला वाहावे लागते आणि जोर पडद्याच्या एका भागावरच लागतो. त्यामुळे वरच्या कंप्रतांना पडद्याचे सगळे भाग एकजुटीने हलतीलच असे नाही.

स्थिरविद्युत हेडफोनमध्ये वेटोळे नसते आणि चुंबकही नसतो. छिद्रे असलेल्या दोन धातूच्या जाळ्या समोरासमोर बसवतात आणि त्यांच्या मधोमध अतिशय पातळ प्लास्टिकचे पटल ताणलेले असते. पटलाची जाडी साधारणतः एक ते अडीच मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनांच्या आसपास जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पटलाच्या नाजूकपणाची कल्पना येईल. पटलावर विद्युत्‌वाहक लेप देऊन त्यावर कित्येक शे व्होल्टांचा स्थिर दाब कायम ठेवला जातो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या आजच्या संचांत तो ५८० व्होल्ट असतो. दोन्ही जाळ्यांना गाण्याचा संदेश परस्परविरुद्ध दिशेने दिला जातो. भारित पटलाला एक जाळी ढकलते, त्याच क्षणी दुसरी ओढते. हा जोर पटलाच्या संपूर्ण पृष्ठभागावर जवळजवळ सारखाच पडतो आणि हलवायचे वजन तर नगण्यच असते. या प्रकारच्या ध्वनीतील स्वच्छपणाचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

डोक्यावर शेकडो व्होल्ट घेऊन बसायचे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पटलाकडे जाणाऱ्या मार्गात फार मोठा विद्युत्‌रोध असल्यामुळे तेथून वाहू शकणारा प्रवाह अत्यल्प असतो, आणि सुस्थितीतील संच नेहमीच्या वापरात सुरक्षित असतात. विवर्धकाचे झाकण उघडणे मात्र जाणकार तंत्रज्ञावरच सोडावे. आतील धारित्रांत बटण बंद केल्यानंतरही काही काळ धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

आयरिश पूर्वपीठिका

ही विद्या जपानी व जर्मन कंपन्यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिच्या पायाचे दोन दगड आयर्लंडमधले आहेत. ज्या भारित कणांच्या बळावर हे पटल हलते, त्यांना 'इलेक्ट्रॉन' हे नाव १८९१ साली जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी सुचवले. त्यांचा जन्म १८२६ साली बर गावाजवळचा, म्हणजे आज टलामोरचा कारखाना ज्या परगण्यात आहे त्याच ऑफलीतला. दुसरे नाव निकोलस कॅलन यांचे. मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्या या धर्मगुरूंनी १८३६ साली प्रवर्तन वेटोळे तयार करून बॅटरीच्या अल्प दाबापासून फार मोठा दाब मिळवून दाखवला. घरातल्या साध्या विवर्धकावर स्थिरविद्युत हेडफोन चालवण्यासाठी जी रोहित्राची पेटी वापरतात, ती त्याच तत्त्वावर चालते. कॅलन यांची उपकरणे मेनूथच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

घरोघरी ऐकण्याच्या दृष्टीने पाहता, इंग्लंडमधील पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली पूर्ण पल्ल्याचा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक बाजारात आणला. हेडफोनमध्ये ही रचना आणण्याचे श्रेय १९३८ साली स्थापन झालेल्या स्टॅक्सकडे जाते. तिचा 'एसआर-१' १९६० च्या सुमारास आला. सेनहायझरने १९९१ साली 'ऑर्फियस' नावाचा संच अवघ्या तीनशे प्रतींपुरता काढला. स्टॅक्स २०११ साली एडिफायर या चिनी कंपनीकडे गेली, आणि सेनहायझरचा ग्राहकोपयोगी विभाग २०२२ साली स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या उद्योगाने घेतला. दहावीस वर्षे वापरण्याच्या इराद्याने घेतलेल्या वस्तूमागची कंपनी तेवढा काळ त्याच हातांत राहील असे नाही, हे या इतिहासातून दिसते.

आकर्षण कशाचे?

मराठी श्रोत्याला याचे उत्तर तानपुऱ्याच्या उदाहरणाने चटकन पटेल. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात षड्‌जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तारेच्या मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा तो उपस्वर आहे. सामान्य हेडफोनवर तानपुरा हा गायकामागचा एकसंध गुंजारव वाटतो. चांगल्या स्थिरविद्युत हेडफोनवर तोच गुंजारव उलगडतो. तार छेडल्याचा क्षण, उपस्वरांचे एकामागून एक उमलणे, विरत जाणारा शेवट, सारे वेगवेगळे कळू लागते. किशोरी आमोणकरांच्या भूपातील गांधार तानपुऱ्यातल्या गांधाराशी कसा एकरूप होतो, ते ऐकताना या उपकरणाचे प्रयोजन समजते.

आयर्लंडच्या इलन पाइप्स या वाद्यातही षड्‌जाची अखंड साथ असते. एकमेकांपासून एकेका सप्तकाच्या अंतरावरच्या तीन नळ्या ती देत राहतात आणि चाल त्यांच्यावर फिरते. युनेस्कोने २०१७ साली या वादनपरंपरेचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. डब्लिनच्या मेरियन चौकातील आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयात अशी ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे संगीत परके वाटत नाही, आणि हेडफोनची पारख करायलाही ते उपयोगी पडते.

या रचनेचा एक लाभ संगीताच्या पलीकडचा आहे. चुंबक नसल्यामुळे हे तंत्र एमआरआय यंत्रात झोपलेल्या रुग्णाच्या कानांसाठी वापरता येते. अमेरिकेच्या ऑडीझी कंपनीचा 'सीआरबीएन' हा हेडफोन अशाच वैद्यकीय कामातून पुढे आला. येथील रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना ही माहिती विशेष रोचक वाटावी.

उणिवा

पहिली उणीव परावलंबित्वाची. हे हेडफोन फोनला, संगणकाला किंवा नेहमीच्या विवर्धकाला थेट जोडता येत नाहीत. त्यांना स्वतंत्र विवर्धक लागतो आणि त्याची किंमत पुष्कळदा हेडफोनइतकीच असते. स्टॅक्सचा प्राथमिक संच हजार युरोंच्या घरात जातो, तर २०२१ साली आलेल्या 'एसआर-एक्स९०००' या हेडफोनसाठी एकट्यालाच सहा हजारांच्या आसपास मोजावे लागतात. आणि तो सारा संच घरातल्या एका खुर्चीशी बांधलेला. लुआसमध्ये किंवा विमानात त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी उणीव खर्जाची. पटल दोन जाळ्यांमधील चिंचोळ्या जागेतच हलू शकते. मृदंगाची थाप किंवा डग्ग्याची घुमक स्वच्छ ऐकू येते, परंतु छातीवर आदळणारा दणका मिळत नाही. ढोलताशाच्या पथकाचे चाहते बहुधा निराश होतील.

तिसरी उणीव घराच्या संदर्भातली. यांतील बहुतेक हेडफोन पाठीमागून उघडे असतात. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. डब्लिनच्या भाड्याच्या घरात पातळ भिंतीपलीकडे बाळ झोपलेले असेल, तर एकांताची खात्री देता येत नाही.

चौथी उणीव हवामानाची. धूळ आणि दमटपणा हे या पटलाचे वैरी. पटल आणि जाळी यांच्यात ओलावा किंवा कण शिरला की भार गळतो, चरचर ऐकू येते किंवा एका कानाचा आवाज हळूहळू उतरतो. आयर्लंडच्या पावसाळी हवेत ही काळजी घ्यावीच लागते. निवृत्तीनंतर संच रत्नागिरीला किंवा मुंबईला न्यायचा बेत असेल, तर ती दुप्पट घ्यावी लागेल. वापरानंतर आच्छादन घालणे आणि कोरड्या जागी ठेवणे हे उपाय साधे आहेत. पटल निकामी झाले मात्र, तर ते कारखान्यातच बदलावे लागते.

पाचवी उणीव आपल्या संग्रहाची, आणि मराठी श्रोत्यासाठी हीच सर्वांत महत्त्वाची आहे. भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांचे गाणे आपल्यापर्यंत आले ते तीनसाडेतीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून. त्या काळच्या यंत्रांना वरच्या कंप्रता टिपताच येत नव्हत्या. जे तबकडीवर उतरलेच नाही, ते पन्नास हजार युरोंचे यंत्रही परत आणू शकत नाही. उलट सुईची खरखर मात्र ते अधिक ठळक करते. घाईने संकोचून आंतरजालावर चढवलेल्या मैफिलींचेही असेच होते. ज्यांचे बहुतांश ऐकणे अशा ध्वनिमुद्रणांचे आहे, त्यांना टलामोरचा तीनचारशे युरोंचा हेडफोनच अधिक सुख देईल.

आयर्लंडमध्ये विकत घेताना

जपानमधून स्वस्तात मिळणारा वापरलेला संच मोहक वाटतो. तेथे घरगुती वीज १०० व्होल्टांची असते, आयर्लंडमध्ये व भारतात २३० व्होल्टांची. जपानी बाजारासाठी बनवलेला विवर्धक येथे थेट जोडला तर तो जळू शकतो. योग्य क्षमतेचे दाब उतरवणारे रोहित्र सोबत घ्यावेच लागेल. जुन्या स्टॅक्स हेडफोनांना २३० व्होल्टांचा स्थिर दाब व सहा टोकांची जोडणी असते, तर नंतरच्या 'प्रो' संचांना ५८० व्होल्टांचा दाब व पाच टोकांची. हेडफोन आणि विवर्धक एकमेकांना जुळतात की नाही, हे आधी पाहावे.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या वस्तूवर आयर्लंडमध्ये २३ टक्के मूल्यवर्धित कर भरावा लागतो आणि तो वाहतूक खर्च धरून लागतो. तीन हजार युरोंची वस्तू व शंभर युरोंची वाहतूक असेल, तर सीमाशुल्क न धरताही ७१३ युरो वाढतात. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधील खरेदीही या बाहेरच्या गटात गेली आहे. उलटपक्षी, युरोपीय संघातील व्यापाऱ्याकडून आंतरजालावर घेतलेली वस्तू सामान्यतः १४ दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रेत्याकडून घेताना हा हक्क मिळत नाही. इतक्या महागड्या आणि इतक्या व्यक्तिसापेक्ष वस्तूच्या बाबतीत ते १४ दिवस सवलतीपेक्षा मोलाचे ठरतात.

कानांची मर्यादा

'एचई १' शंभर हजार हर्ट्झपर्यंत जातो, अशी त्याची ख्याती आहे. निरोगी तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. मी चाळिशी ओलांडली आहे. जाहिरातीतल्या त्या आकड्याचा माझ्या कानांना काडीचा उपयोग नाही. ज्या वयात असा संच परवडू लागतो, त्याच वयात त्याचा वरचा पल्ला आपल्याला पारखा होतो, हा या छंदातला विपर्यास आहे.

याहून गंभीर बाब अशी, की आवाज फाटू लागला म्हणजे आपण आपोआप तो कमी करतो. या हेडफोनांत विरूपण अत्यल्प असल्यामुळे ती सूचनाच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास आणि ८९ ला अवघे पाच. फोनमधील आवाजमापक स्वतंत्र विवर्धकापुढे निरुपयोगी ठरतो. म्हणून पातळी आपणच ठरवून घ्यावी आणि शक्य झाल्यास कानांची तपासणी खरेदीच्या आधी करावी. त्या तपासणीवरून हेडफोनवर किती खर्च करणे शहाणपणाचे, हेही कळेल.

निर्णय कसा करावा?

आपल्या आवडीची चारपाच चांगली ध्वनिमुद्रणे निवडावीत. त्यांत एक तानपुऱ्याचे, एक मोकळ्या गळ्याचे, एक तालवाद्याचे आणि एक जुन्या तबकडीवरचे असावे. आधी ती टलामोरच्या साध्या हेडफोनवर आठवडाभर ऐकावीत. मगच तीच स्थिरविद्युत हेडफोनवर ऐकावीत, दोन्हींचा आवाज समान पातळीवर ठेवून, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकून पुन्हा पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसावेसे वाटले, तर खर्चाला अर्थ आहे. फरक शोधावा लागत असेल, तर ते पैसे पुण्याच्या डिसेंबरातील सवाई गंधर्व महोत्सवाला जाण्यासाठी राखून ठेवावेत. तेथे तानपुरे प्रत्यक्ष वाजतात, आणि शेजारी बसलेल्या माणसाची दादही ऐकू येते.