वारो, रेमेडिओस

वारो, रेमेडिओस : (१६ डिसेंबर १९०८ – ८ ऑक्टोबर १९६३). अतिवास्तववादी चित्रकार. जन्म स्पेनमधील आंग्लेस (कॅटलोनिया) येथे. वडील जलअभियंते, त्यांच्या आराखड्यांच्या नकला काढताना लहानपणीच तिच्या रेषेला शिस्त लागली. जोगिणींच्या शाळेनंतर माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत कलाशिक्षण. १९३७ मध्ये ती पॅरिसला गेली व कवी बेंजामँ पेरे याच्यासोबत आंद्रे ब्रतोंच्या अतिवास्तववादी वर्तुळात वावरली. नाझी आक्रमणानंतर दोघांनी १९४१ च्या अखेरीस मेक्सिको गाठले. तेथे तिने बायर या औषधकंपनीच्या जाहिरातींसाठीही चित्रे काढली. वॉल्टर ग्रुएन या पतीच्या आधारामुळे पूर्ण वेळ चित्रकला करता आली ती अखेरच्या दहाएक वर्षांत, आणि तिचे थोरपण याच वर्षांतल्या कामात आहे.

अतिवास्तववादी पुरुषांच्या चित्रांत स्त्री बहुधा पुरुषाच्या स्वप्नाचा विषय असते. वारोची स्त्री कामात गुंतलेली असते : दळते, भरवते, भरतकाम करते. ‘ताऱ्यांचे खिमट’ (१९५८) या चित्रात ढगांतल्या एकाकी खोलीत एक बाई हाताने यंत्र फिरवून तारे दळते आणि ते पिंजऱ्यातल्या चंद्रकोरीला चमच्याने भरवते. माया आणि कोंडी येथे वेगळी काढता येत नाहीत. बाईच्या थकल्या चेहऱ्यावर तक्रार नाही, म्हणूनच चित्र अधिक बोचते. १९६०-६१ च्या चित्रत्रयीत मनोऱ्यात कोंडलेल्या मुली पृथ्वीचे वस्त्र भरतात. त्यांतली एक त्याच कापडात आपल्या सुटकेची वाट गुपचूप टाकून ठेवते आणि शेवटच्या चित्रात प्रियकरासह निसटते. ‘मनोविश्लेषकाकडून बाहेर पडणारी स्त्री’ (१९६०) वडिलांचे मुंडके दाढीला धरून विहिरीत सोडते. दारावरच्या पाटीत फ्रॉइड, युंग व ॲडलर यांची आद्याक्षरे आहेत. एवढी भीषण कृती ती रोजचा केर टाकावा इतक्या सहजतेने करते, हे वारोचे खास सामर्थ्य.

ती बहुधा हार्डबोर्डवर तैलरंगात काम करी. ओला रंग दाबून उमटवलेल्या अनियमित पोतावर अतिशय बारीक, मोजूनमापून रेखाटन करी. कप्प्या, चाके, नळ्या यांची तिची यंत्रे खरोखर चालतील अशी वाटतात आणि त्यांवर चालते ते मन.

‘पुनरुज्जीवित होणारे स्थिरचित्र’ (१९६३) हे तिचे अखेरचे पूर्ण चित्र. त्यात मेणबत्तीभोवती ताटल्या व फळे फिरतात, माणूस मात्र नाही. हृदयविकाराने मेक्सिको सिटीत तिचे निधन झाले. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह तेथील आधुनिक कला संग्रहालयात आहे.