पनवेलच्या स्टँडवरची ‘लेलँड’ एसटी ब्रिटिश असते का?

पनवेलचं एसटी स्टँड म्हणजे कोकणात आणि घाटावर जाणाऱ्यांचं नाक्यावरचं ठिकाण. इथे एखादी खडखडणारी लालपरी लागली की कुणीतरी म्हणतंच, “ही ब्रिटिशांच्या काळातली दिसते.” त्यात समोर ‘अशोक लेलँड’ हे नाव दिसलं, की फोटोसोबत हाच दावा सोशल मीडियावरही फिरतो. तो खरा आहे का?

थोडक्यात उत्तर : गाडी भारतीय आहे, नाव मात्र खरोखर इंग्लंडहून आलेलं आहे.

‘लेलँड’ आलं कुठून?

लेलँड हे इंग्लंडच्या लँकशायरमधलं एक गाव. तिथल्या लेलँड मोटर्सच्या बस आणि ट्रक जगभर जात. भारतात १९४८ साली रघुनंदन सरन यांनी मद्रासमध्ये ‘अशोक मोटर्स’ सुरू केली. अशोक हे त्यांच्या मुलाचं नाव. सुरुवातीला तिथे ऑस्टिन मोटारी जोडल्या जात. पुढे लेलँडशी करार झाला आणि १९५५ मध्ये कंपनीचं नाव ‘अशोक लेलँड’ पडलं. १९८७ मध्ये लेलँडचा वाटा हिंदुजा समूहाकडे आला. मूळ ब्रिटिश लेलँडचा बस व्यवसाय १९८८ मध्ये व्होल्वोने घेतला. म्हणजे तिकडे हे नाव मागे पडलं, इकडे ते रोज रस्त्यावर आहे.

एसटीच्या ताफ्यातल्या टाटाच्या बसचं मूळ मात्र वेगळं आहे. टाटाने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली होती.

मग एसटीत ब्रिटिश बस कधीच नव्हती?

होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. ती बेडफर्ड, म्हणजे ब्रिटिश बनावटीची होती. तशी गाडी आज एसटीच्या रोजच्या सेवेत नाही.

बस इतकी जुनी का दिसते?

बसचे दोन मुख्य भाग असतात. खालची चासी, ज्यावर इंजिन आणि चाकं असतात, आणि वरची बॉडी. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये चासीवर बॉडी बांधली जाते. जुन्या चासीवर नवी बॉडीही चढवली जाते. म्हणून नवी दिसणारी बस जुनी असू शकते आणि पत्रा खिळखिळा झालेली बस वयाने लहान असू शकते. वय मोजायचं ते नोंदणीच्या तारखेवरून, रंगावरून नाही.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द होते. मुंबईतल्या बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकरही वयोमर्यादा संपल्याने १५ सप्टेंबर २०२३ रोजी थांबली.

५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि मोटारींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण त्या व्यवसायासाठी वापरता येत नाहीत. त्यामुळे तिकीट काढून बसता येईल अशी ब्रिटिशकालीन बस या नियमात बसतच नाही.

ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे वयाची अशी सरसकट अट नाही, दरवर्षीची तपासणी पास व्हावी लागते. म्हणून इंबर या ओसाड गावाकडे वर्षातून एखादा दिवस जुन्या रूटमास्टर बस आजही प्रवासी घेऊन जातात.

प्रवाशाने काय पाहावं?

जुन्या बसचं कौतुक फोटोत ठीक आहे, घाट उतरताना प्रश्न ब्रेकचा असतो. प्रवासी वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बसचा नंबर ‘एम-परिवहन’ ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख आणि फिटनेसची मुदत कळते. ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी एवढं पाहिलं तरी पुरे.

आणि एक उलटा प्रवास

मुंबईत २०२३ पासून धावणाऱ्या इलेक्ट्रिक डबलडेकर ‘स्विच’ कंपनीच्या आहेत. ही अशोक लेलँडचीच उपकंपनी. तिची ब्रिटनमधली शाखा म्हणजे पूर्वीची ‘ऑप्टेअर’, जी १९८५ मध्ये लीड्समधल्या लेलँडच्या बंद पडलेल्या बॉडी कारखान्यात सुरू झाली होती. एके काळी लँकशायरची कंपनी मद्रासला आली, आता मद्रासची कंपनी लीड्सच्या वारशाची मालक आहे.