कोळ्यांच्या दारी गेलेले महाविद्यालय

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात, अँटिगोनिश नावाचे लहानसे गाव आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून परागंदा झालेल्या गेलिक भाषिक कॅथॉलिक कुटुंबांनी त्या परिसरात संसार थाटले. त्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे, धर्मप्रांताला धर्मगुरू लाभावेत, म्हणून बिशप कॉलिन मॅक्किनन यांनी १८५३ साली ॲरिशॅट येथे महाविद्यालय काढले. दोन वर्षांनी ते अँटिगोनिशला आले. त्याला पुढे नाव मिळाले, ते ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे! १८९७ साली येथून चार तरुणी पदवीधर झाल्या.

या यशाला एक बोचरी बाजू होती. शिकलेला मुलगा गावात राहत नसे; तो बॉस्टनची वाट धरी. मागे उरलेला कोळी शेवंड पकडी, भाव मात्र व्यापारी ठरवी. घरात लागणारा जिन्नसही त्याच व्यापाऱ्याकडून उधारीवर येई आणि हिशेबाची वही त्याच्याच हाती असे.

महाविद्यालयाचे उपाध्यक्ष फादर जेम्स टॉम्पकिन्स यांना हे साहवेना. जे महाविद्यालयात येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे महाविद्यालयाने गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९२१ साली त्यांनी ‘लोकांसाठी ज्ञान’ या आशयाची पुस्तिका लिहिली व प्रौढांसाठी लोकशाळा भरविली. पुढे विद्यापीठांच्या विलीनीकरणावरून बिशपांशी मतभेद झाले आणि त्यांची रवानगी कॅन्सो या दरिद्री कोळीगावात झाली. शिक्षाच ती; पण ती कोळ्यांच्या पथ्यावर पडली. १ जुलै १९२७ रोजी देश साठावा वर्धापनदिन साजरा करीत असता कॅन्सोच्या कोळ्यांनी सभा भरवून आपल्या हलाखीला वाचा फोडली.

१९२८ साली महाविद्यालयाने बहिःशाल विभाग स्थापिला व तो फादर मोझेस कोडी यांच्या हाती सोपविला. प्रथम गावात जाहीर सभा, मग शेजाऱ्यांची छोटी अभ्यासमंडळे. चर्चेचा विषय एकच: आपला पैसा जातो कुठे? लिटल डोव्हरच्या कोळ्यांनी शेवंड डबाबंद करण्याचा स्वतःचा कारखाना उभारला. १९३२ साली कायदा झाला आणि पतपेढ्या निघू लागल्या. (आपल्या वसईची कॅथॉलिक बँक मात्र १९१८ सालची, हे वाचक जाणतातच.)

बॉस्टनची वाट काही बंद झाली नाही. पण १९५९ साली फादर कोडी वारले, आणि त्याच वर्षी महाविद्यालयाने त्यांच्या नावाने संस्था उघडली. आशिया-आफ्रिकेतील कार्यकर्ते मग त्या थंड गावी शिकायला येऊ लागले. त्यांत भारतीयही होते.